एकशे साठ गुणिले आठ

आमच्या हाडांच्या हॉस्पिटलात त्यांना सगळे आठपटकाका म्हणतात. नाव लाडाचं, पण त्यात चिमटाही आहे. मी खिडकीवर एक्स-रेचे रिपोर्ट देतो. माझ्या पाठीमागच्या खोलीत काका बावीस वर्षं एक लोखंडी कपाट सांभाळत होते. त्यात अठ्ठावीस जुन्या डिस्क अखंड फिरायच्या आणि त्यांच्यावर लोकांच्या मोडक्या हाडांचे फोटो असायचे.

डिस्कवाले वेग मेगाबाइटमध्ये मोजतात, नेटवर्कवाले मेगाबिटमध्ये. एका बाइटचे आठ बिट, म्हणून डिस्कचा वेग नेटवर्कवाल्याला सांगायचा तर आठाने गुणायचं. एवढीशी गोष्ट, पण नवा आलेला प्रत्येक इंजिनियर तिथे ठेचकाळायचा आणि काका त्याला हसतमुखाने उचलून उभं करायचे. काकूंची तर तक्रारच आहे, "ह्यांना पोळ्या किती विचारायचं नाही. म्हणतील दोन, आणि मी घाबरून सोळा लाटून बसेन."

यंदा जुनी इमारत रिकामी करायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी पाचला वायरमन तिची वीज कायमची तोडणार. त्याआधी सगळे फोटो रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत नेटवर्कवरून पोचायला हवेत. डिस्क उचलून नेण्याची सोय नव्हती. इतकी वर्षं न थांबता फिरलेली डिस्क एकदा थंड पडली की पुन्हा फिरेल याचा नेम नसतो. राहिलेले फोटो गेल्यातच जमा.

संगणक विभागाच्या मॅडमनी विचारलं, "काका, किती वेळ लागेल?"

काकांनी कपाटामागची पाटी वाचली. "सेकंदाला एकशे साठ मेगाबाइट. गुणिले आठ, बाराशे ऐंशी मेगाबिट. तुमचं नेटवर्क हजाराचं. म्हणजे अडलं तर तुमचंच अडणार, माझं नाही! साडेचार तासांत काम फत्ते."

मॅडमनी लिहून टाकलं, शनिवारी सकाळी नऊला सुरुवात.

शुक्रवारी अकराच्या सुमारास काकांनी सहज म्हणून एक फोल्डर पलीकडे पाठवून पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. मग घड्याळ कानाला लावलं. मग दुसरं फोल्डर पाठवलं. वेग निघाला सेकंदाला वीस मेगाबाइट. गुणिले आठ, एकशे साठ मेगाबिट. आकडा पाटीवरचाच, पण आठव्या हिश्शाचा. नशीबही थट्टा करतं ती अशी.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाटीवरचा वेग कपाटाच्या केबलचा होता रे, डिस्कचा नाही. मी रस्त्याची रुंदी सांगितली, हातगाडीचा वेग नाही. अठ्ठावीस तास लागणार."

"मग गुपचूप आत्ताच सुरू करा ना. उद्या तीनपर्यंत होईल. कोणाला कळतंय?"

"ओपीडी चालू आहे. डॉक्टरांचे फोटो रखडतील. न सांगता कसं करायचं?"

एवढं बोलून ते मॅडमकडे गेले. कागद घेऊन मीही मागोमाग गेलो, तेवढंच निमित्त. काका खुर्चीत बसले नाहीत.

"मॅडम, माझं चुकलं," ते म्हणाले. हे वाक्य त्या इमारतीत त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. पुढचं त्यांनी घडाघडा सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "अठ्ठावीस हा आकडा पाटीवरचा की मोजलेला?"

"मोजलेला. दोनदा."

"मग करा सुरू. डॉक्टरांची बोलणी मी खाते."

सगळी बोलणी मॅडमच्या वाट्याला आली नाहीत, माझ्याही आली. प्लास्टरवाले डॉक्टर खिडकीत डोकं घालून ओरडले, "अरे, तुमचा फोटो उघडेपर्यंत पेशंटचं हाड जुळून येईल!" शेवटी काकांनी गर्दीच्या वेळात वेग कमी केला, आणि तीन ते पाच असे हाताशी असलेले दोन तास तिथेच खर्ची पडले, वर आणखी एक तास गेला.

शनिवारी पाचला वायरमन पिशवी घेऊन हजर झाला तेव्हा एक डिस्क बाकी होती.

"काका, पाच म्हणजे पाच. मला पुढे अजून एक काम आहे."

"एक तास द्या. कालपासून प्रत्येक डिस्क मोजतोय, तासाला एक जाते. वर एक मिनिट मागितलं तर बिनधास्त स्विच पाडा."

"एक तास काय, सगळेच म्हणतात. माझी बायकोही बाहेर निघताना म्हणते."

पण काकांनी पुढे केलेल्या कागदावर सत्तावीस डिस्कना लागलेला वेळ एकाखाली एक लिहिलेला होता, ओपीडीतल्या रखडपट्टीसकट. वायरमनने त्यावरून बोट फिरवलं, पिशवी खाली ठेवली आणि पुढच्या कामावर फोन लावला, "हो, तासभर उशीर होईल. सांगतो आल्यावर."

सहाला तीन मिनिटं कमी असताना पलीकडून मॅडमचा फोन आला. "काका, सगळे पोचले. मी मोजून पाहिले."

"पाडू?" वायरमनने विचारलं.

"थांबा जरा." काकांनी एकेक करून अठ्ठावीस डिस्क आपल्या हाताने बंद केल्या. भुणभुण उतरत उतरत गेली आणि रस्त्यावरचे हॉर्न खोलीत ऐकू यायला लागले. "हं, आता पाडा."

अंधारात वायरमनने बॅटरी लावली. "काका, घर कुठल्या बाजूला? वाटेत असेल तर सोडतो." आणि काका डबा सांभाळत त्याच्या स्कूटरवर मागे बसले.