न उघडणारा पाऊस

धनलक्ष्मीला बेंगळूरचा पाऊस तेवढा ठाऊक होता. दुपारी आभाळ काळवंडायचं, कब्बनपेटेच्या गल्लीतून गुडघाभर पाणी धावायचं, आणि दिवेलागणीला बायका पुन्हा भाजी आणायला बाहेर पडायच्या. तिचं माहेर त्याच पेटेतलं, सासरही तिथलंच. शेजारपाजारच्या साड्यांना फॉल-पिको करण्यात हयात गेली. खिडकीशी मशीन, त्यामुळे पाऊस सुरू झालेलाही कळायचा आणि थांबलेलाही. म्हणूनच तिचा लेक रवी वारला तेव्हा नवऱ्याने जे सांगितलं, ते तिला पटलं नव्हतं.

नवरा, नागोजीराव, जंगलांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत ड्रायव्हर होते. निम्मा महिना बाहेर. त्या वर्षी आषाढात ते आगुंब्याकडे गेलेले असताना पाच वर्षांच्या रवीला ताप भरला आणि मेंदूत गेला. संस्थेने वनखात्याच्या नाक्यावर निरोप धाडला. नागोजीराव घरी पोचले तेव्हा पोराला मूठमाती देऊन झाली होती. कपडे चिखलाने कडक झालेले, पोटऱ्यांवर जळवांच्या खुणा. पाऊस उघडेना, ओढ्यावरचा पूल वाहून गेला, अलीकडे येताच येईना, असं त्यांनी उंबऱ्यातच सांगितलं.

"पाऊस इथंही पडला की," ती म्हणाली.

ते पाय धुवायला मोरीत गेले, ती आत वळली. कडाक्याचं भांडण झालं असतं तर कदाचित निभावलं असतं. पुढे मुलगी दिव्यश्री झाली, शिकली, लग्न होऊन एचएसआर लेआउटमध्ये राहायला गेली. नागोजीरावांच्या फेऱ्या चालूच होत्या. धनलक्ष्मी त्यांना दशम्या बांधून द्यायची, पण कुठे निघालात हे तिने कधी विचारलं नाही. सुरुवातीला ते परत आल्यावर काहीबाही सांगू बघत. झाडांचे घेर मोजणारे त्रिविक्रम सर काय म्हणाले, कुठल्या जंगलात पानं गळतात, कुठल्या नाही. "जंगल ते जंगल," म्हणून ती मशीनला पाय लावायची. हळूहळू त्यांचं सांगणं आटलं.

यंदा फाल्गुनात तिच्या भाच्याचं, अभिमन्यूचं, शिमोग्याला लग्न निघालं. निवृत्त झाले तरी गाडी नागोजीरावच चालवत होते. लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि मांडवाबाहेर हात धुताना धनलक्ष्मीने विचारलं,

"ते तुमचं जंगल इथून किती लांब?"

त्यांच्या हातातल्या तांब्यातलं पाणी सांडत राहिलं. दोनेक तास लागतील, ते म्हणाले.

"उद्या जाऊ या. मला तो ओढा बघायचाय."

"सरी, जाऊ," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

सकाळी गाव मागे पडलं तशी सागाची राई लागली. एकाही झाडावर पान नाही. खाली ताटाएवढ्या वाळक्या पानांचा थर, कुठे कुठे वणव्याने काळी झालेली जमीन, आणि त्या काळ्यावर पळसाची लाल फुलं. बेंगळूरहून येताना अरसीकेरीच्या आसपास तर नुसती बाभळी नि निवडुंगाची खुरटी झुडपं दिसली होती. ही सागाची झाडं मेलीत काय, तिने विचारलं.

मेली नाहीत, झोपलीत, असं नागोजीराव म्हणाले. मग पुष्कळ वर्षांनी बोलायला लागलेल्या माणसासारखे अडखळत त्यांनी सांगितलं, की सरांच्या मते पाऊस किती पडतो यापेक्षा तो किती महिने पडत नाही याला महत्त्व. चार-पाच महिने कोरडे गेले की झाड पानं टाकून जीव राखतं, आणि वाळल्या पानांना आग लागते. मग त्या आगीला पुरून उरतील तीच झाडं टिकतात. त्याहून कोरडं असलं की नुसती काटेरी झुडपं. पुढे डोंगर समुद्राचे ढग अडवतो, तिथं गोष्टच निराळी. अन् तिथंही जमीन नुसता कातळ असली तर झाड धरत नाही, गवतच.

ती ऐकत होती. तुंगेच्या काठाने रस्ता वळत गेला, बांबूची बेटं आली, काही झाडांवर पालवी, काही उघडी. तीर्थहळ्ळी ओलांडली आणि जरा वेळाने उन्हं एकदम नाहीशी झाली. तिने वर पाहिलं. रस्त्यावर दोन्हीकडची झाडं मिळाली होती. होळी उलटून गेली होती तरी एकही फांदी उघडी नव्हती.

एका कच्च्या रस्त्याने आत जाऊन त्यांनी गाडी उभी केली. ओढा समोरच होता. दगडांमधून पाण्याची धार वाहत होती, पाऊलही धड बुडालं नसतं.

"हाच?"

"हाच."

इतक्या वर्षांचा राग उसळून वर आला. यावरून तर शाळकरी पोरही उडी मारून गेलं असतं. नागोजीराव दगडावर टेकले आणि मान खाली घालून बसले.

ती तशीच काठाकाठाने पुढे गेली. आत ओल होती, पदर अंगाला चिकटत होता. खोडांना शेवाळाची जाड साल, त्यावर नेचे उगवलेले. मोठ्या झाडांच्या बुंध्यांना फळ्यांसारखी रुंद मुळं फुटली होती, जमिनीला धरून बसल्यासारखी. तिने एक पान ओढून पाहिलं. टोक शेपटीसारखं लांब, पाणी निथळून जायला केलेलं. कितीक दिवस पाणीच पाणी सोसल्याशिवाय झाडाचं असं अंग होत नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. मग तिची नजर वर गेली. तिच्या डोक्याच्या वर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, एका फांदीच्या बेचक्यात वाळकं गवत, काटक्या आणि चिखल अडकून बसला होता. पलीकडच्या काठावरही तेवढ्याच उंचीवर तसंच. तिला आधी ते घरटं वाटलं. सगळ्या झाडांवर एका रेषेत घरटी कुठली असणार?

पुराचं पाणी इथवर चढत होतं.

तिथंच एका मुळावर ती बसली. नागोजीराव मागून आले, पण जवळ आले नाहीत.

"तेव्हा तुम्ही काय केलंत?" तिने विचारलं.

त्यांनी सांगितलं. निरोप मिळाल्याबरोबर निघाले, तोवर पूल गेला होता. रोज उजाडलं की काठावर येऊन उभे राहायचे. एकदा कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले, तर सरांनी आणि नाक्यावरच्या माणसांनी ओढून बाहेर काढलं. पाऊस रात्री नाही थांबला, दिवसा नाही थांबला. रवी बरा झाला असेल, असं ते स्वतःशी म्हणत होते. शेवटी लांबच्या डोंगरावरून चालत सडकेला लागले.

"हे मला का नाही सांगितलंत?"

"पोर गेलं होतं. माझं काय सांगायचं?"

धनलक्ष्मीने विचारलं, "तुम्ही जेवला होतात का त्या दिवसांत?"

नागोजीरावांनी नाही अशी मान हलवली आणि तोंडाला उपरणं लावलं. त्यांना रडताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. रवीच्या वेळीही ते रडले नव्हते. ती उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. लग्नघरून बांधून दिलेला चित्रान्नाचा भात तिने पिशवीतून काढला आणि अर्धा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

दुःख हललं नाही. पोर गेलेलं ते गेलेलंच. पण बेंगळूरला परतल्यावर धनलक्ष्मीने दिव्यश्रीला बोलावून घेतलं आणि तिच्या थोरल्या भावाबद्दल सांगायला बसली. तो कसा बोलायचा, चिरोटीवर दूध घातलं की कसा रुसायचा. मधे मधे नागोजीराव तिचं विसरलेलं पुरं करत होते. आषाढात रवीची तिथी आली, ती त्या घराने पहिल्यांदाच पाळली. दोघांनी मिळून चिरोट्या केल्या आणि गल्लीतल्या पोरांना वाटल्या, दूध न घालता.