शेजारचं घर चालणार नाही

प्रमिलाबाई गेल्या. आणि त्या अजिबात गोड स्वभावाच्या नव्हत्या.

काल शोकसभेत लोक "शांत, मनमिळाऊ" वगैरे म्हणत होते. मी मागच्या खुर्चीवर ऐकत होतो. बाईंनी ऐकलं असतं तर विचारलं असतं, "हे कोणाविषयी बोलून राह्यले जी?"

बाई चंद्रपूरच्या कॉलेजात समाजकार्य शिकवायच्या. मी गोंडपिपरीकडच्या एका गावात मराठीचा मास्तर.

माझं तेव्हा एकच दुखणं होतं.
पळस फुलला की वर्ग रिकामा व्हायचा.

कवितेचं पहिलं कडवं भरल्या वर्गात. दुसऱ्या कडव्याला अर्धे बेंच मोकळे. मुलं आईबापासोबत नदीपल्याड, तेलंगणात, मिरची तोडायला गेलेली.

त्याच दिवसांत बाई सर्व्हे घेऊन आल्या. मुलं शाळेत टिकतात का, हे एका संस्थेला हवं होतं. सगळ्या गावाच्या चिठ्ठ्या टाकून काही घरं काढलेली. यालाच सॅम्पल म्हणतात, हे मला बाईंनीच शिकवलं.

निघालेल्या घरांतली बरीच घरं कुलूपबंद.

शाळेच्या व्हरांड्यात संस्थेच्या साहेबांचा फोन आला. स्पीकरवर.

"मॅडम, शेजारचं घर घेऊन टाका ना. सगळेच घेतात."

"काऊन घेऊ?"

"अहो, रिपोर्ट द्यायचाय!"

"भाऊ, जो घरी आहे त्यालेच विचारलं, तर सगळे घरीच आहेत असंच निघन ना! चिठ्ठीत निघालं तेच घर. सोपं पडते म्हणून दुसरं घेतलं, तर ते सॅम्पल नाई, सोय आहे."

फोन ठेवला. माझ्याकडे वळल्या.
"चला सर. तुमचा वर्ग शोधाले."

रविवारी आधी एसटी, मग जीप. मिरचीच्या शेतात शिरलो आणि बाईंच्या शिंका थांबेचनात. वाळत घातलेल्या मिरचीनं सगळी जमीन लाल. मला तिथेच कविता सुचायला लागली.

"सर, कविता नंतर. पयले सुमनचं घर."

घर म्हणजे ताडपत्री. सुमन म्हणजे माझ्या वर्गातल्या रंजूची आई.

"अव बाई, येवढ्या दूर इचाराले आल्या?"

"सांगावंसं वाटलं तर सांग. नाई म्हटलं तरी चालन."

"नाई कशी म्हणू? पयले पाणी प्या. नाक पुसा."

बाई हसल्या. मग विचारलं, "रंजूले गावात काऊन नाई ठेवलं?"

सुमन म्हणाली, "कोणापाशी ठेवू?"

बस. एवढंच.
शेजारच्या घरात हे उत्तर जन्मात मिळालं नसतं.

निघताना रंजू लाल बोटं फ्रॉकला पुसत म्हणाली, "सर, कविता पुढे नका नेऊ जी. थांबवून ठेवा."

रिपोर्टला उशीर झाला. संस्थेनं कुलूपबंद घरं गाळली आणि गावातली मुलं छान टिकतात असं छापलं.

बाईंनी कळवलं, "माझं नाव काढा. ते सॅम्पल माझं नाही."

त्या संस्थेकडून पुन्हा काम आलं नाही. बाईंनी मागितलंही नाही.

त्या सरळ आमच्या ग्रामसभेत येऊन उभ्या राहिल्या. "तुमची उत्तरं तुमाले वापस द्याले आली." सगळं वाचून दाखवलं, गाळलेल्या घरांसकट. तोवर मिरचीहून परतलेली सुमन उठली आणि सरपंचांकडे बघून म्हणाली, "कोणापाशी ठेवू, आता तुमीच सांगा."

सरपंच माझ्याकडे वळले, "सर, शाळेत एखादी खोली निघन का?"

पुढच्या मिरचीच्या हंगामात शाळेच्याच एका खोलीत मुलांचं वसतिगृह सुरू झालं. पळस फुलला होता, आणि मी भरल्या वर्गात दुसरं कडवं शिकवत होतो. रंजू पहिल्या बेंचवर.

काल शोकसभेत संस्थेचे तेच साहेब फोटोला हार घालून म्हणाले, "बाई थोड्या हट्टी होत्या. असो. त्यांची जागा नवीन लोक भरून काढतील."

मी उठलो.

"साहेब, थोड्या नाही, चांगल्याच हट्टी होत्या. आणि शेजारचं घर घ्यायची सवय आता तरी सोडा."

काही जण हसले. साहेब नाही हसले. बरं झालं.

येताना बाईंच्या घरी गेलो. दाराला कुलूप.

शेजारचे म्हणाले, "या ना सर, आमच्याकडे बसा."

नाही बसलो.
बाईंच्याच पायरीवर बसलो, ऊन उतरेपर्यंत.

जय भीम, बाई.