बोटीचं बूच

कोथरूडच्या त्या सोसायटीत मंदाकिनीबाईंची ख्याती होती ती झाकणांसाठी. त्यांच्या घरात डबा, बरणी, पेन, काही म्हणजे काही उघडं राहत नसे. दुसऱ्यांकडे हळदीकुंकवाला गेल्या तरी गप्पा मारता मारता त्यांचा हात समोरच्या बरणीचं झाकण लावून मोकळा व्हायचा. "आई समईवरही झाकण ठेवेल," असं त्यांचा मुलगा आमोद म्हणायचा.

त्यांचे यजमान श्यामराव कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी मोटरबोट घेतली. "काय श्यामराव, समुद्र कधी येतोय कोथरूडला?" असं सोसायटीने विचारून घेतलं. बोट असायची खडकवासला धरणाच्या फुगवट्यापाशी, जयसिंग नावाच्या शेतकऱ्याच्या शेताला लागून. मे संपत आला की ती ट्रॉलीवर चढवून पावसाळ्यापुरती बंद करून ठेवायची. त्या कामाला मंदाकिनीबाईही जात, थर्मास आणि फडकी घेऊन.

या वर्षी गाडी त्याच चालवत होत्या. श्यामराव शेजारी, मांडीवर हत्यारांची पेटी.

"मंदा, ग्रीस घेतलंय ना मी?"

"घेतलंय."

"तसं नाही. तू बघितलंस ना?"

हे असं वर्षभर चाललं होतं. गॅस बंद केला ना, किल्ली खिशात आहे ना, आज बुधवारच ना. दर प्रश्नाला मंदाकिनीबाई नजर चुकवून उत्तर द्यायच्या.

गेल्या पावसाळ्यात जयसिंगचा फोन आला होता. बोट पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरली, वजनाने ट्रॉलीचा आस मोडला, तळाला तडा गेला. बोटीच्या मागच्या अंगाला, तळाशी एक भोक असतं. पाण्यात असताना त्याला पितळी बूच लावायचं. ठेवून देताना काढायचं, म्हणजे आत पडलेलं पाणी वाहून जातं. "मी बूच काढलंच नाही," श्यामराव खुर्चीत बसत म्हणाले होते. "काढल्याचं मला स्पष्ट आठवतंय. आणि काढलेलं नाही."

त्यांनी काढलं होतं. काढून सीटवर ठेवलं होतं. मंदाकिनीबाईंनी आवराआवर करताना ते पुसून परत भोकात घट्ट पिळून बसवलं होतं. फोन ऐकता ऐकता त्यांच्या बोटांना ते आटे आठवले. त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात हिंजवडीहून आलेला आमोद म्हणाला, "बाबा, हल्ली तुम्ही विसरता जरा. गाडी नका चालवू आता." उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी श्यामरावांनी आपणहून गाडीची किल्ली त्यांच्या हातात आणून दिली. मग डॉक्टर, शब्दकोडी, सकाळी भिजवलेले बदाम. बदाम भिजवायच्या त्याच. शिवाय एक गोष्ट त्यांना स्वतःपाशीही कबूल करवत नव्हती. संधी मिळाली की बोटीकडे पळणारा नवरा आता घरात असायचा, प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून करायचा. ते त्यांना थोडंसं आवडलं होतं.

जयसिंगने दुरुस्त केलेली बोट ट्रॅक्टरने वर ओढून ठेवली होती. "या काका! औंदा बूच काढताय न्हवं? का मासं सोडू आत?"

श्यामराव हसले. कान मात्र लाल झाले.

पाण्याच्या पिंपात बोटीचा पंखा बुडवून त्यांनी इंजिन सुरू केलं, मग पेट्रोल तोडलं आणि आतलं पिऊन ते आपोआप थांबेपर्यंत वाट पाहिली. प्लग काढून तेल सोडलं, बॅटरी काढली. हात कुठे अडखळत नव्हते, तोंड तेवढं विचारत होतं, "बरोबर ना?" शेवटी बूच.

"हे बघ मंदा. काढलं. सीटवर ठेवतोय. बघितलंस?"

"बघितलं."

"जयसिंग, पावसाळ्यानंतर एखादं गिऱ्हाईक बघ रे बोटीला. डोकं भरवशाचं नाही राहिलं माझं."

दोघे ताडपत्री आणायला गेले. आता सांगायचंच, असं ठरवून मंदाकिनीबाई मनात वाक्य जुळवू लागल्या. जुळवता जुळवता सीट पुसली. बॅटरीच्या खणाचं झाकण लावलं. बूच पुसलं, बोटीच्या मागे जाऊन वाकल्या आणि दोन आटे फिरवले.

मान वर केली तर ताडपत्री खांद्यावर घेऊन श्यामराव उभे.

"गेल्या वर्षीही?"

मंदाकिनीबाईंनी होकारार्थी मान हलवली. हात अजून बुचावरच होता.

"कधी कळलं तुला?"

"फोन आला तेव्हाच."

श्यामरावांनी ताडपत्री खाली ठेवली. "वर्षभर शब्दकोडी सोडवतोय मी, मंदा. आडवे शब्द, उभे शब्द."

"अहो, मी सांगणारच..."

"काढ ते."

घामेजल्या बोटांना आटे सुटेनात. श्यामरावांनी मदत केली नाही. बूच निघाल्यावर ते आपल्या खिशात टाकलं, ताडपत्री घातली, गाठी मारल्या. कुणाला काही विचारलं नाही.

"मग काका, गिऱ्हाईक बघू न्हवं?" मागून आलेल्या जयसिंगने विचारलं.

"कशाला? डोकं ठीक आहे माझं. काकूंच्या हातांना मिळालं तर बघ."

गाडीपाशी त्यांनी हात पुढे केला. मंदाकिनीबाईंनी किल्ली दिली. वारजं आलं तरी ते रस्त्याकडेच बघत गाडी चालवत होते. निदान रागवावं, निदान ग्रीसचा डबा घेतला का एवढं तरी विचारावं, म्हणून त्या वाट बघत राहिल्या.

सकाळी नेहमीसारखे बदाम भिजलेले होते. सवयच. श्यामरावांनी ते एकेक सोलले आणि बशी मंदाकिनीबाईंसमोर सरकवली.

"तू खा."

त्यांनी एक तोंडात टाकला आणि बशी बाजूला केली.

"सगळे," पेपर उघडत ते म्हणाले. "बघतोय मी."