हट्टी डबा

बारा जून. पालेगावच्या नव्या घरात सगळं सामान लागलं. राहिला फक्त फोटो साठवायचा डबा. उल्हासनगरच्या घरी तो वायफायवर लगेच दिसायचा. इथे दिवा लागत होता, पण लॅपटॉप त्याला ओळखेना. सासूबाईंचा एकुलता एक बरा फोटो त्यातच, आणि परवा वर्षश्राद्ध.

वरच्या मजल्यावर आलेल्या केबलवाल्याला हाक मारली. माझ्याच वयाचा, तरी मला मावशी म्हणत होता. त्याने ताप बघावा तसा डब्यावर तळहात ठेवला.

"जुन्या राउटरचे नंबर धरून बसलाय, मावशी. हट्टी आहे."

"मग त्याचे नंबर बदला."

"आत घेईल तर बदलू ना. जुना राउटर आहे? त्याचेच नंबर नव्याला देतो. हा नाही बदलत, तर आपण घर बदलू."

"घर बदललं म्हणून तर हे झालं."

मी खोक्यातून जुना राउटर काढून दिला. थोड्या वेळात फोटो दिसू लागले. नेमकं काय बदललं, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथ पूर्वेहून फोटो मोठा करून आणला. यांनी हॉलमध्ये खिळा ठोकून ठेवला होता. मी फोटो स्वयंपाकघरात ओट्यासमोर लावला. जुन्या घरी सासूबाई दिवसभर ओट्याशीच असायच्या.