आता टोप्यांविषयी बोलू

पोर्ट सईदच्या बंदरात मसाद अल-बद्रावीइतकं इंग्रजी कुणालाच येत नाही, असं खुद्द मसादचंच मत होतं. ते त्याने इतक्या वेळा सांगितलं होतं की हळूहळू लोकांनाही तसंच वाटू लागलं होतं. हे इंग्रजी तो शाळेत शिकला नव्हता. तरुणपणी तो बंबूती होता. कालव्याच्या तोंडाशी आगबोट थांबली की आपली होडी तिच्या पोटाला भिडवायची, टोपलीत चामड्याची आसनं, पितळी तबकं आणि भुसा भरलेले उंट घालून ती दोरीने वर पाठवायची, आणि खाली उभं राहून मान वर करून खलाशांशी हुज्जत घालायची, हा त्याचा धंदा. मसादचं सगळं इंग्रजी असं मान वर करून शिकलेलं. पुढे बोटी थांबेनाशा झाल्या, होडी गेली, आणि उरलेले उंट घेऊन मसाद फेरीबोटीच्या धक्क्याजवळ दुकान थाटून बसला. गिऱ्हाईक बेताचंच. पण इंग्रजी शाबूत होतं.

त्यामुळे त्याची एकुलती एक मुलगी इनास, इस्पितळात नर्स असलेली, जेव्हा म्हणाली की इंग्लंडातल्या नोकरीसाठी परीक्षा द्यायची आहे आणि त्यातल्या तोंडी परीक्षेची धास्ती वाटते, तेव्हा मसादला वाटलं की अखेर देशाला आपली आठवण झाली.

"क्लास लावलायस ना? जा खुशाल," तो म्हणाला. "पण सराव माझ्याकडे."

दुपारच्या जेवणानंतर लाकडी सज्जात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या जाऊ लागल्या. मध्ये लिंबू पिळलेल्या शिंपल्यांची बशी. एका कडेला इनासची आई नाहिद तांदूळ निवडायला बसे. तिला इंग्रजीचा गंध नव्हता, पण कार्यक्रम फुकट होता.

"बाबा, एक नियम आहे," पहिल्याच दिवशी इनास म्हणाली. "परीक्षक हसत नाही."

"का? दात दुखतात त्याचे?"

"चेहरा दगडासारखा ठेवतो. 'वा' म्हणायचं नाही, 'माशाल्ला' म्हणायचं नाही, मांडीवर थाप मारायची नाही. उत्तर संपलं की 'आभारी आहे' म्हणून पुढच्या विषयाच्या कार्डाकडे वळायचं."

"हा परीक्षक आहे की जकात अधिकारी?"

"तुम्हाला नाही जमायचं, इनासचे बाबा," नाहिद तांदळातून खडा काढत म्हणाली. "तुम्ही मयताला गेलात तरी चार माणसं हसवून येता."

खरंच जमत नव्हतं. इनासने 'आरसा' या विषयावर चांगलं उत्तर दिलं की हा टाळ्या वाजवायचा. उत्तर तोकडं पडलं की जुनी सवय उसळून यायची आणि तो म्हणायचा, "एवढ्यात नाही परवडत, बाईसाहेब, अजून काहीतरी घाला!" मात्र कार्डावरची एक गोष्ट त्याला फार आवडली. प्रत्येक प्रश्नाच्या खाली 'का?' असं छापलेलं होतं. केळी आवडतात? का? आरशात पाहता? का? या घरात आजवर कुणी कुणाला 'का' विचारलं नव्हतं. मसाद तो शब्द असा ठणकावून म्हणे की समोरच्या सज्जातली मांजर उठून बसे.

आणि मग गाण्याचं कार्ड आलं.

"तुम्हाला गायला आवडतं का?" मसादने अक्षरं लावत विचारलं. इंग्रजी वाचायला तो खोक्यांवरून शिकला होता, त्यामुळे वेळ लागे.

"हो, मला न्हाणीघरात गायला आवडतं," इनास धडाधड म्हणाली. "त्याने दिवसभराचा शीण जातो."

"थांब थांब! या घरात न्हाणीत गाणारा एकच माणूस आहे, आणि तो परीक्षेला बसलेला नाही."

"बाबा, क्लासमध्ये हेच पाठ करून घेतलंय. परीक्षेत कुणी खरं सांगतं का?"

"हे बघ पोरी, मी आयुष्यभर बोटीच्या कठड्यावरची तोंडं वाचली आहेत. खोटं बोलणारा माणूस अडखळतो. खरं सांग, जीभ आपोआप चालेल. चल, पुन्हा. तुम्हाला गायला आवडतं का?"

"नाही."

"का?" मसाद ठणकावून म्हणाला.

इनासने बशीतला एक शिंपला उचलला, परत ठेवला, आणि इंग्रजीत सांगू लागली. वाक्यं लहान लहान होती. लहानपणी मी गात असे. बारा वर्षांची असताना आतेबहिणीच्या लग्नात मी सगळ्या गल्लीसमोर गायले. आमच्या शेजारचे शलबीचाचा सिमसिमिया वाजवत होते, तिच्या तारा माझ्या आवाजाबरोबर धावत होत्या. मला वाटलं, मी आता जमिनीवर नाही. गाणं संपलं, तेव्हा माझे वडील सगळ्यांना म्हणाले, 'माझ्या पोरीने तोंड उघडलं आणि कालव्यावरचे सगळे सीगल लाजून सायप्रसला निघून गेले.' सगळे हसले. पुढे कित्येक वर्षं वडील तो विनोद सांगत राहिले. लोकांना तो फार आवडतो. म्हणून मी गात नाही.

"बघा तरी कशी भराभर बोलतेय!" नाहिद कौतुकाने म्हणाली आणि पाची बोटं पसरून लेकीसमोर धरली. "दृष्ट नको लागायला माझ्या बाईला."

मसादचा हात शिंपल्यांच्या बशीवर तसाच राहिला होता.

दृष्ट! अगदी तेच झालं होतं त्या लग्नात. पोर गायला लागली आणि गल्ली गप्प झाली. स्वतः मसाद, जो प्रत्येक बैठकीत छातीवर हात ठेवून गायचा, तोही ताल धरायला विसरला. शलबी ओरडला, "मसाद, तुझा गळा आता कपाटात ठेव, हिचा ऐक!" आणि शेकडो डोळे त्या एवढ्याशा मुलीवर खिळले. अशा वेळी पोर्ट सईदचा कुठलाही बाप जे करतो तेच त्याने केलं. देखण्या पोराला 'काळं माकड' म्हणायचं आणि गोड गळ्याला फाटका म्हणायचं, की वाईट नजर फसून पुढे निघून जाते. हे त्या मांडवातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं. बारा वर्षांच्या मुलीला ते सांगायचं राहून गेलं. नजर फसली ती तिचीच. आणि विनोद? तो इतका चांगला जमला होता की टाकवेना. जपून ठेवला, वापरला, गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवला.

हे सगळं आत्ता सांगता आलं असतं. तोंड उघडलंही त्याने. इनास हातात हात गुंफून सरळ बसली होती, उमेदवाराने बसावं तशी.

"आभारी आहे," मसाद पुढचं कार्ड उचलत म्हणाला. "आता टोप्यांविषयी बोलू."

टोप्या संपल्यावर इनास हसून म्हणाली, "आज जमलं बाबा तुम्हाला. चेहरा अगदी दगड!"

परीक्षेहून ती कैरोच्या बसने परतली, तेव्हा मसाद थांब्यावर उभा होता. "गाण्याचं विचारलं?"

"नाही. टोप्यांचं विचारलं."

ती पास झाली, कागदपत्रं झाली. त्या दिवसांत मसाद सारखा तिला गाठत होता. जिन्यात, स्वयंपाकघरात, फेरीबोटीवर. 'पोरी, त्या लग्नात...' असं मनात जुळवायचा. आणि बाहेर पडायचं ते इंग्लंडातल्या पावसावरचं काहीतरी. ती हसायची. हसवायला आयुष्यभर त्याला कधी कष्ट पडले नव्हते.

जाण्याच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, बायकांनी निरोपाची बैठक भरवली. आत्या, मावश्या, इस्पितळातल्या मैत्रिणी वरच्या मजल्यावर जमल्या, डफ आले, दार लागलं. पुरुष खाली फुटपाथवर खुर्च्या टाकून चहा पीत बसले. थोड्या वेळाने वर टाळ्या सुरू झाल्या, मग गाणं. एक आवाज ओळ उचलायचा, बाकीच्या ती झेलायच्या. मग दुसरा उचलायचा.

शलबी, आता दात पडलेला, कान वर करून म्हणाला, "मसाद, पोरगी गातेय वाटतं आत. सीगल उडाले का सायप्रसला?"

बाकीच्यांनी हसायची तयारी केली. मसादने पेला खाली ठेवला.

"छान गाते ती," तो म्हणाला. "तेव्हाही छानच गायली होती."

शलबीने हात उडवला. "हे मला काय सांगतोस? मला माहीतच आहे. साथ कुणी केली होती तिला?" मग वर बोट करून त्याने विचारलं, "यातला तिचा आवाज कुठला?"

मसादने मान वर केली. सज्जाच्या फळ्यांतून आवाज गळत होते. एक जाडसर, एक पातळ, एक मध्येच हसू फुटलेला. त्याच्या कानात एकच आवाज होता, बारा वर्षांच्या मुलीचा, आणि तो यांपैकी कुठलाच नव्हता.

"कुठला?" शलबीने पुन्हा विचारलं.

"तो काय," मसाद म्हणाला, आणि जो आवाज त्या क्षणी चढत होता त्याच्याकडे बोट दाखवलं. आवाज थांबला. खिडकीतून मसादच्या बहिणीने, जाडजूड सादियाने, डोकं बाहेर काढलं आणि ती ओरडली, "साखर संपलीय, वर पाठवा कुणीतरी!"

साखरेचा पुडा घेऊन मसाद स्वतः जिना चढला. दाराशी पोचेपर्यंत आत नवीन गाणं सुरू झालं होतं. त्याने दार वाजवलं नाही. पुडा उंबऱ्यापाशी ठेवला आणि मान खाली घालून, एकेका आवाजाला कान देत, तो तिथेच पायरीवर बसला.