वहिनी वर येते

रविवारची दुपार. माशांच्या टाकीसमोर सतरंजीवर मी आडवी झाले आहे. पापण्या मिटतात, तरी मीटरवरचा आकडा दिसतोच: ४.१. खाऱ्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला सहा मिलिग्रॅम तरी हवा. वहिनी सकाळपासून वर येऊन तोंड उघडते आहे. वहिनी म्हणजे मामाची क्लाऊनफिश. त्याच्या माशांपैकी आता ही एकच उरली आहे.

"काय गो, माशांची पदवी घेतलीस ना?"

सुहासमामा. मालवणचा पाणबुड्या, जाऊन चौदा महिने झालेला. स्टुलावर बसून टॉवेलने डोकं पुसतोय.

"मामा, तापमान सव्वीस, क्षारता बरोबर. तळाशी दुसरा पंपही लावलाय!"

"हवा काय तळातून येते? चल."

आम्ही जेटीच्या पायऱ्या उतरतोय. त्या पायऱ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत संपतात, आणि प्रयोगशाळेत पाणी आहे, गळ्यापर्यंत, मग डोक्यावरून. मला श्वास घेता येतोय! वहिनी शेजारून जाते, म्हशीएवढी.

"वर बघ."

वर पाण्याचा पृष्ठभाग. तो हलायला, चमकायला हवा. पण तो मेणकापडासारखा ताणलेला आहे, मंद. मी बोट लावते. बुळबुळीत.

"तेल!" मी ओरडते. "मामा, तेलाचा पापुद्रा! हवा आत शिरतच नाहीये!"

"आणि तेल कोणाचं?"

मी हात नाकाशी नेते. खोबरेल. दर रविवारी मी आधी केसांना तेल लावते, मग त्याच हातांनी वहिनीला खायला घालते.

मामा इतका हसतो की त्याच्या तोंडातून बुडबुडे सुटतात. "मासा कढईत जायच्या आधीच तेल सोडलंस!"

"हसू नकोस. उपाय सांग."

"तूच सांग, पंडितीणबाई."

"कागदाने तेल टिपायचं. पंपाचं तोंड वर वळवायचं. वरचं पाणी थरथरलं पाहिजे!"

"मग इथे काय करतेस?" तो माझं उजवं मनगट धरतो आणि मला वर ढकलतो.

सतरंजी कोरडी आहे. मीटरवर ४.१. माझ्या उजव्या मनगटावर सुकलेल्या मिठाचे चार पट्टे आहेत, बोटांएवढे रुंद.

तो हात मी पाठीशी धरते. डावा साबणाने धुते, पाण्यावर कागद टेकवते, उचलते. कागद तेलाने पारदर्शक झालाय! पंपाचं तोंड वर वळवते. पाणी थरथरतं. मीटरवर ४.५. ४.८. ५.२.

वहिनी तोंड मिटते आणि खाली जाते.