टाऊ पक्षाचे भोये सर

मोखाड्याच्या बाजारात मी सुके बोंबील निवडत होतो, तेव्हा जीपवाला किसन शेजारी येऊन उभा राहिला. आमचाच जुना विद्यार्थी. एरवी लांबूनच “सर, जव्हार?” म्हणून हाक मारणारा हा गडी त्या दिवशी अगदी हळू बोलला. “सर, तुम्हाला समजला नाय का? आपले भोये सर गेले. सकाळी छातीत दुखाया लागला, गाडीत घातला, पण वाटेतच...” मी हातातले बोंबील टोपलीत परत ठेवले. अशा वेळी माणसाला काहीतरी उदात्त सुचावं अशी अपेक्षा असते. मला एवढंच सुचलं, की आता माझ्याशी भांडणार कोण.

महादू भोये साखरशेतचे. घरची भात-नाचणीची शेती, आणि नोकरी आमच्या हायस्कुलात गणिताची. मी तिथेच मराठी शिकवायचो, त्यांच्याआधी निवृत्त झालो. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि बरीच वर्षं आमच्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. ते सुरू झालं एका प्रशिक्षणानंतर. दुपारच्या जेवणानंतर वेळ भरून काढायला प्रशिक्षकांनी पडद्यावर एक व्हिडिओ लावला. परदेशातल्या गणितज्ञांमध्ये एक गमतीचा वाद चालू आहे, वर्तुळासाठी π वापरावा की τ, म्हणजे टाऊ, अशी ती माहिती होती. सगळा हॉल पेंगत होता. भोये सर मात्र टक्क जागे झाले, आणि मला वाटतं, पुन्हा कधी नीट झोपलेच नाहीत.

वाद साधा आहे. वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागलं की येतो π, सुमारे ३.१४. शाळेत गेलेल्या प्रत्येकाला तो माहीत असतो. त्याच परिघाला त्रिज्येने भागलं की दुप्पट येतं, सुमारे ६.२८. तो टाऊ. π वाल्यांच्या हिशेबात वर्तुळाचा पूर्ण फेरा म्हणजे दोन π. टाऊवाल्यांच्या हिशेबात पूर्ण फेरा म्हणजे एक टाऊ. “अख्ख्या भाकरीला एकच नाव पायजे का नको?” भोये सर विचारायचे. “पाव भाकर म्हणजे पाव टाऊ. तुमच्याकडे पाव भाकर मागितली की अर्धा π म्हणायचं. असं मागणाऱ्याला कोण वाढील?” मराठीत π ला पाय म्हणतात. त्यावरून जेवढे विनोद होऊ शकतात, तेवढे आम्ही पहिल्या आठवड्यातच संपवले.

मला गणितातलं फारसं कळत नव्हतं. पण एवढ्या उत्साहाने कुणी काही सांगू लागलं की विरुद्ध बाजू घ्यावी, असा माझा स्वभाव. मी π चा पक्ष घेतला. तेव्हा त्यांनी मला साखरशेतला स्वतःच्या खळ्यावर नेलं. मळणी चालू होती. मधल्या खांबाला दोरी, दोरीला बैल, आणि बैल गोल गोल फिरतायत. “दोरी म्हणजे काय? त्रिज्या. बैलाला व्यास बांधलेला बघितला का कोणी?” मी म्हणालो, “मान्य. पण झाडाचा बुंधा मोजायचा तर? बाहेरून तुम्हाला व्यासच मिळणार. त्रिज्या मोजायला बुंध्यात शिरा.” ते बैल सोडायला गेले. परत येताना त्यांनी टाऊचं नावही काढलं नाही. नाचणीची झोडणी झाली, परीक्षा झाल्या, आणि मी जिंकलोय अशा समजुतीत राहिलो. मग एका रविवारी पहाटे त्यांचा फोन आला. “सर, झाड मधून बाहेर वाढतं. म्हणजे त्रिज्येनं वाढतं. तुमचा व्यास आपला मागून येतो.” आणि फोन ठेवला.

माझ्याकडे एकच खरं हत्यार होतं, वर्तुळाचं क्षेत्रफळ. π गुणिले त्रिज्येचा वर्ग, किती सुटसुटीत. टाऊ वापरला की तिथे अर्धा येऊन बसतो. हे मी त्यांच्या घरी जेवताना काढलं. त्यांनी ताटातली नाचणीची भाकर घेतली, कात्रीने तिचे बारीक त्रिकोणी तुकडे केले आणि उलटसुलट एकाला एक लावत बसले. “प्रत्येक तुकडा त्रिकोण. त्रिकोणाच्या क्षेत्रफळात अर्धा असतो का नाय? मग त्यांच्या आईच्या, अख्ख्या भाकरीच्या पोटात पण तो असणारच. तुमचा π तो लपवतो.” वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, “खाया दिली का कापाया? सरांना दुसरी देतंय. ही तुम्हीच खा, मोजून.”

आता खरी गोष्ट. असा कट्टर माणूस, पण वर्गात त्यांनी टाऊ कधीच शिकवला नाही. फळ्यावर कायम π. मी डिवचायचो, “क्रांती कधी?” त्यावर ते हसायचे नाहीत. “दहावीचा पेपर तपासणारा कुठे खाली वसई-विरारला बसलेला. त्याला टाऊ कोण समजावणार? मार्क जाईल. इथून वर जायला पोरांकडे मार्काशिवाय काय आहे?” दरवर्षी ते सगळ्या वर्गाकडून π ची उदाहरणं घोटून घ्यायचे, आणि स्टाफरूममध्ये येऊन, नावडत्या नातेवाइकाच्या लग्नात पंगतीला वाढून आलेल्या माणसासारखा चेहरा करून बसायचे. त्यांची इच्छा एवढीच होती, की निवृत्तीच्या दिवशी गणिताच्या वर्गात, फळ्यापासून लांब, कुणाचा मार्क जाणार नाही अशा भिंतीवर, आपल्या हाताने एक टाऊ काढायचा. “एकच. मोठा.” निवृत्तीला वर्षभर उरलं होतं.

टाऊची आणखी एक अडचण होती. परदेशात चौदा मार्चला π दिवस करतात, कारण ते महिना आधी लिहितात. आपल्याकडे चौदावा महिना नाही, म्हणून आपण बावीस जुलै धरतो, बावीस सप्तमांश. टाऊला चव्वेचाळीस सप्तमांश लागतात, आणि चव्वेचाळीस जुलै कॅलेंडरात येत नाही. हे दुःख त्यांनी मनापासून केलं. आमच्याकडे एकदा बावीस जुलैला मोठा कार्यक्रम झाला. थर्माकोलचा π, त्याला झेंडूचा हार, नारळ, अगरबत्ती. प्रमुख पाहुण्यांनी “थोर गणितज्ञ पाय यांच्या पवित्र स्मृतीस” अभिवादन केलं आणि पाय यांनी गरिबीतून कसं शिक्षण घेतलं, यावर बराच वेळ बोलले. शेवटी ते जिथून निघाले होते तिथेच येऊन थांबले. भोये सर माझ्या कानाशी म्हणाले, “एक टाऊ झाला.” तेव्हापासून आम्ही सगळी भाषणं टाऊत मोजू लागलो. काही अधिकारी तीन टाऊपर्यंत जायचे.

शोकसभेला मी शाळेत गेलो, तेव्हा मुख्याध्यापक मोठ्या समाधानाने मला गणिताच्या वर्गात घेऊन गेले. वर्गाला भोये सरांचं नाव द्यायचं ठरलं होतं. मागच्या भिंतीवर जव्हारच्या पेंटरने निळ्या ऑइलपेंटमध्ये पुरुषभर उंचीचा π काढला होता, भोवती वेलबुट्टीसकट. पेंटर ब्रश धूत होता. वहिनी भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

“हे चुकलंय,” मी म्हणालो.

“काय चुकलं सर? उलट छान उठून दिसतंय.”

“हे त्यांच्या विरोधी पक्षाचं चिन्ह आहे.”

मुख्याध्यापकांना वाटलं मी दुःखाने काहीतरी बोलतोय. मग मला सगळं सांगावं लागलं. अख्खी भाकर, दोरीचा बैल, मधून वाढणारं झाड, त्रिकोणांच्या पोटातला अर्धा... आयुष्यात पहिल्यांदा मी टाऊची बाजू मांडत होतो, आणि ती बरी मांडली असावी, कारण मुख्याध्यापक मान हलवू लागले. सगळं सांगून झाल्यावर मी सवयीने थांबलो. आता समोरून उत्तर यायला हवं होतं. कुणीच काही बोललं नाही, तेव्हा मीच म्हणालो, “अर्थात, क्षेत्रफळाला π च बरा...”

“पण पुस्तकात तर हाच आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. “तपासणीला कोणी आलं तर?”

“भिंतीचे मार्क कापत नाहीत,” मी म्हणालो.

वहिनींनी पदर सावरला. “काढा तो,” त्या पेंटरला म्हणाल्या. “रोज जेवताना मी ऐकलाय. यांचा एका खांबाचा होता.”

पेंटरने रॉकेलच्या बोळ्याने π चे दोन्ही खांब पुसले आणि वरच्या आडव्या रेघेखाली मधोमध एकच खांब काढला. भिंत निळसर डागाळली, म्हणून त्याने डागांवर चुन्याचा हात मारला. दुपारी भाषणं झाली. सगळी मिळून चार टाऊ भरली असतील. मोजायला मी एकटाच होतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा शाळेत जाणं झालं. चुना वाळून उतरलाय आणि पुसलेले दोन खांब फिकट निळे वर आलेत, मधला गडद खांब आहेच. आता ते चिन्ह तीन खांबांवर उभं आहे आणि जगातल्या कुठल्याही गणिताच्या पुस्तकात बसत नाही. मुलं त्याला तिपाई म्हणतात. भोये सरांच्या जागी नाशिककडची एक तरुण शिक्षिका आली आहे. तिने मला भिंतीपाशी उभं केलं आणि विचारलं, “सर, हे नक्की काय आहे? π का आणखी काही? मुलं विचारतात.”

“त्यावर वाद आहे,” मी म्हणालो. “तुम्ही कोणत्या बाजूच्या?”

“मी... π चीच म्हणायची,” ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसलो आणि तिला विचारलं, बैलाला व्यास बांधलेला कधी बघितलाय का.